राहून गेलेलं कपाळ

जिना उतरून संपलेला असावा, आपल्याला ते ध्यानात नसावं, आणखी एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि तो दाणकन फरशीवर आदळून डोक्यापर्यंत झिणझिण्या जाव्यात, तसं काकासाहेबांना झालं, ते त्यांचा हात मोतीरामला ओलांडून थेट देवळाच्या पंचांपैकी तात्यासाहेबांच्या कपाळावर टेकला तेव्हा. झालं म्हणजे एवढंच झालं. मंडपात कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पूर्वरंग संपला होता, बुवांच्या गळ्यात हार पडला होता, तबलजी हातोडीनं तबला ठोकून घेत होता आणि पेटीच्या एका सुरावर सगळी माणसं रामकृष्णहरी म्हणत डोलत होती. आख्यान सुरू व्हायच्या आधीच्या या मधल्या वेळात बुक्क्याचं ताट घेऊन सगळ्यांमधून फिरायचं आणि प्रत्येकाच्या कपाळाला काळं बोट लावायचं, हे गारखेड्याच्या त्या मारुतीच्या देवळात काकासाहेबांचं काम. कीर्तनाला बसलेल्याचं कपाळ कोरं राहू नये असा तिथला रिवाज, आणि तो रिवाज काकासाहेबांनी असा काही मनावर घेतलेला, की उशिरा येऊन चपलांपाशी टेकलेल्या माणसापर्यंतही ते गुडघे दुखत असताना वाकत वाकत जायचे. मंडपवाले रशीदभाई खांबाला टेकून उभे असत. त्यांच्यापुढं ताट आलं की काकासाहेब विचारायचे, "लगाऊं क्या, भाई?" आणि रशीदभाई कधी "लगाव ना मास्टर" म्हणून मान पुढं करायचे, कधी छातीवर हात ठेवून "आज नक्को" म्हणायचे. दोन्ही वेळा दोघं हसायचे. विचारता येतं. विचारायला जीभ उचलावी लागते, बाकी काही नाही. हे काकासाहेबांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

आणि मोतीरामनं कपाळ पुढं केलं होतं. तिथंच सगळं अडलं होतं. फार नाही, दोन बोटं. ताट जवळ येताना दिसलं तसं त्यानं डोळे अर्धे मिटले, मान जराशी पुढं आणली, जशी शेजारपाजारची सगळीच आणत होती. आणि हात डोक्यावरून पलीकडं गेला तेव्हा ती मान होती तिथं परत गेली. घाईनं नाही. एखाद्यानं चुकून दुसऱ्याचं दार वाजवावं, आतून "कोण?" असं यावं आणि त्यानं काही न बोलता पायऱ्या उतराव्यात, तशी गेली. काकासाहेबांनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पाहिलं, आणि तरी ते तात्यासाहेबांच्या पुढच्या, मग त्याच्या पुढच्या, असे पुढच्याच कपाळांकडं गेले. मागं यायला दोन पावलं पुरली असती. "अरे, तुमचं राहिलंच की," एवढं हसून म्हटलं असतं तर सगळं सावरलं असतं. कीर्तनात असं राहिलेलं कपाळ दर वेळी एखाददुसरं निघतंच. पण पाय मागं येईनात. पुढं बुवांनी आख्यान लावलं ते एका म्हातारीचं, देवळाच्या दारात लोकांच्या चपला सांभाळणाऱ्या. जन्मभर आत गेली नाही. आत गेली तर चपला कोण बघणार? मग एक दिवस देवच बाहेर आला, पादुका काढून तिच्यापुढं ठेवल्या, आणि म्हातारी म्हणते कशी, "कुठं ठेवल्या ते ध्यानात ठेव रे बाबा, मागनं माझ्याशी भांडू नको." मंडप हसला आणि हसता हसता रडला, बुवांची ती हातोटीच होती. काकासाहेबांच्या डोळ्यांना नेहमीसारखं पाणी आलं. ते पुसताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे पाणी कुठल्या विहिरीचं? इतकी वर्षं ते आपल्या या पाण्यावर मनातून खूश असत. कीर्तनात ज्याचे डोळे भरतात त्याचं काळीज शाबूत आहे, असा त्यांचा हिशेब होता. आरतीच्या गडबडीत मोतीराम कधी उठून गेला, ते त्यांना कळलं नाही. खरं तर कळलं होतं. त्यांनी त्याच वेळी तबकातली वात पुढं सारायला मान खाली घातली होती.

मोतीराम हिवराळेला कीर्तनाला बोलावलं होतं ते काकासाहेबांनीच. काकासाहेब दांडगे हे शाळेत इंग्रजीचे मास्तर. नाव पाळण्यातलंच काकासाहेब. करमाडच्या पुढच्या त्यांच्या खेड्यात अंगणात नागडं फिरणाऱ्या पोरालाही लोक काकासाहेब म्हणून हाका मारत, त्यामुळं पुढं मास्तर झाल्यावर वेगळा मान मिळायला काही जागाच उरली नाही, असा विनोद ते स्वतःच करत. चिकलठाण्याच्या एका कारखान्यानं त्यांना सकाळची पाळी सुटल्यावर कामगारांचा इंग्रजीचा वर्ग घ्यायला सांगितलं होतं. शहर तेव्हा अंगानं भराभर वाढत होतं. वाळूजकडं माळरानाला कुंपणं पडत होती, जालना रोडवर रोज नवी चिमणी दिसायची, बाहेरून साहेब येत होते आणि त्यांना मराठी येत नव्हतं. लेथवर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला चार्जहँड, म्हणजे हाताखाली माणसं घेणारा मुकादम, व्हायचं तर त्या साहेबांपुढं इंग्रजीतून मुलाखत द्यावी लागणार होती. मोतीरामची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. वय काकासाहेबांच्याच बरोबरीचं, कानांवर पांढरं आलेलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्याखेड्यांतून आगी लागल्या, त्या साली तो गाव सोडून शहरात आला होता. का सोडलं, हे काकासाहेबांनी कधी विचारलं नव्हतं. विचारणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटे. शाळेच्या स्टाफरूममध्ये नामांतराचा वाद पेटला की ते म्हणत, "माणसानं देवाचं नाव घ्यावं, विद्यापीठाच्या नावाचं काय ते सरकार बघेल," आणि चहा मागवत. सगळे हसत, वाद थांबे, आणि आपण शांततेच्या बाजूनं आहोत असं समाधान त्यांना मिळे.

वर्गात एकदा कुणीतरी विचारलं, "सर, एवढं बोलायला कुठं शिकलात?" तर काकासाहेबांनी सांगितलं की इंग्रजी पुस्तकांतून शिकलो, पण बोलायला कीर्तनातून. मग आवाज कसा चढवायचा, कुठं थांबायचं, रडवायच्या आधी हसवायचं कसं, याचे त्यांनी असे नमुने करून दाखवले की वर्ग खूश. मोतीराम नंतर म्हणाला होता, "देव काय आमचा नाय सर. पण गोष्ट ऐकायला लई आवडतं मला. आमचा बाप गोष्टी सांगायचा."

"मग या की आमच्या देवळात! एकादशीला. याच तुम्ही, मी वाट बघतो."

"येऊ?" असं त्यानं विचारलं होतं. नुसतं "येतो" म्हणाला नव्हता. आता दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरापुढं बसल्यावर काकासाहेबांना तो प्रश्नार्थक सूर आठवला आणि उगाळलेलं गंध हातात तसंच राहिलं. "येऊ का?" असं विचारणाऱ्याला आपण "याच" म्हणालो. तो आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आला, कडेला बसणार होता तर आपणच त्याला हाताला धरून पुढं तात्यासाहेबांशेजारी बसवलं. हाताला धरलं होतं! मग जो हात धरायला चालला, तो कपाळाला लावायला का चालला नाही? हा त्यांचा पहिला बचाव, आणि तो बचाव म्हणून उभा राहण्याआधीच आरोप होऊन बसला. दुसरा बचाव जास्त भारदस्त होता. मोतीराम बौद्ध. त्यांनी दीक्षा घेतलेली, देव मानायचा नाही अशी शपथ घेतलेली. त्याच्या कपाळी विठोबाचा बुक्का लावणं म्हणजे त्याच्या धर्माचा अपमान. आपण तो टाळला. किती समजूतदारपणा! काकासाहेबांनी हे वाक्य मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. वाक्य सरळ होतं, कुठं चूक नव्हती. फक्त एक गोष्ट त्यांना आठवेना, की हा विचार नेमका कधी आला. हात ओलांडायच्या आधी, की नंतर? आधी आला असेल तर ते शहाणे ठरत होते. नंतर आला असेल तर मग त्या क्षणी हात कुणी हलवला? त्यांनी डोळे मिटून तो क्षण पुन्हा मांडला: ताट डाव्या हातात, उजव्या बोटाला बुक्का, मोतीरामचे अर्धे मिटलेले डोळे, पुढं आलेलं कपाळ आणि त्यापलीकडं तात्यासाहेब, जे बघत होते. बघत होते का? का आपल्यावरचं टाळायला त्यांचंही नुसतं नाव पुढं करायचं? दर वेळी मांडणी थोडी बदले. एकदा विचार आधी येई, एकदा हात आधी जाई. फक्त ते कपाळ दर वेळी तितकंच, दोन बोटं, पुढं येई.

"अहो, देवाला गंध लावताय की त्याची नाडी बघताय?" काकासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई आतून म्हणाल्या. "शाळा नाही का?"

लावलं त्यांनी गंध. पण देवाच्या मूर्तीच्या कपाळाला बोट लागताना त्यांना आपल्या आईचे हात आठवले, आणि हे कुठून आठवलं म्हणून ते दचकलेच. सुगीत रानात माणसं कामाला असायची. दुपारी आई ताकाचं मडकं घेऊन बांधावर उभी राही आणि खाली ओंजळी धरून बसलेल्यांना ताक वाढे. मडकं खांद्याच्या वर, ओंजळ पार खाली, आणि मध्ये ती धार, पांढरी, सरळ, उन्हात चमकणारी. एक थेंब इकडं नाही की तिकडं नाही. लहानग्या काकासाहेबांना त्या धारेचं केवढं कौतुक! आईसारखं कुणाला जमत नाही, असं ते पोरांना सांगत. मग हट्ट करून शिकलेही. पहिल्यांदा सांडलं, एका माणसाच्या मनगटावर सांडलं आणि मडक्याचा काठ त्याच्या बोटाला लागता लागता राहिला, तेव्हा आई ओरडली नाही, मारलं नाही, नुसतं हलकेच त्यांचं कोपर धरून वर उचललं. "अजून वर धर, सोन्या," म्हणाली. माया होती तिच्या हातात. त्या कोपरावर अजून तिच्या बोटांची ऊब आहे असं काकासाहेबांना आजवर वाटायचं आणि बरं वाटायचं. आईनं दुसरं काही वाईट शिकवलं असं त्यांना कितीही शोधलं तरी सापडलं नसतं. भुकेल्याला वाढ म्हणाली, तहानलेल्याला दे म्हणाली, दारातल्याला परत पाठवू नको म्हणाली. आणि कोपर वर धर म्हणाली. सगळं एकाच मायेनं. ओंजळी धरलेल्या माणसांची तोंडं मात्र त्यांना एकही आठवेना. धारेकडं बघताना तोंडं दिसत नसत.

शाळा झाली. दुपार कलल्यावर ते सायकलवर टांग मारून जालना रोडला लागले. वाटेतल्या एका लांबलचक भिंतीवर कुणीतरी ठळक निळ्या अक्षरांत नामांतर झालंच पाहिजे असं लिहिलं होतं, त्याच्यावर कुणीतरी डांबर फासून नाही असं लिहिलं होतं, आणि डांबरावरून पुन्हा निळा रंग फिरला होता. रोज ते या भिंतीवरून जात. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं की ही भिंत आपल्याकडं बघते आहे. तो येणार नाही, त्यांच्या मनात आलं. आणि लगेच कळलं की आपल्या मनात भीती नाही, इच्छा आहे: तो न आला तर बरं. न आला तर त्याला तोंड दाखवायला नको. मग त्या इच्छेचा अर्थ उलगडला तसे त्यांचे पाय पायडलवर थांबले. तो न आला तर मुलाखत गेली. पुढं जन्मभर लेथ. आणि कारण काय, तर एका बोटाचा बुक्का. आपल्याला एक संध्याकाळ सोपी जावी म्हणून आपण एका माणसाची भाकरी जाऊ द्यायला तयार झालो होतो, तेही थेट कारखान्याचं फाटक येईपर्यंत.

तो आला होता. कँटीनमधल्या बाकावर नेहमीच्या जागी बसला होता, नेहमीसारखं "नमस्कार सर" म्हणाला. काकासाहेबांनी नमस्कार मागच्या बाकावरच्या भिकनकडं बघून परत केला. आणि वर्गाचा दिवस असा की नेमका त्याच दिवशी पुस्तकात जो धडा होता तो होऊन गेलेल्याचा नव्हता, न झालेल्याचा होता. शुड हॅव, कुड हॅव, माइट हॅव. करायला हवं होतं, करता आलं असतं, केलं असेलही. काकासाहेबांनी फळ्यावर लिहिलं आणि खडू खाली ठेववेना.

"म्हंजे सर," भिकन म्हणाला. हा धनगराचा पोरगा, वर्गातला वात्रट. "बस यायला पायजे व्हती, आली नाय. असं?"

"असंच. द बस शुड हॅव कम."

"मंग ही तर आमच्या बायकोची भाषा हाय! आणायला पायजे व्हतं, सांगायला पायजे व्हतं, बघायला पायजे व्हतं. तिला इंग्रजी येतंय म्हणा की."

"तिनं दुसरीकडं लगीन करायला पायजे व्हतं, ह्ये बी लिही त्यात," मागून सर्जेराव म्हणाला आणि कँटीनचे पत्रे हलतील असं हसू उसळलं. काकासाहेबही हसले. हसताना त्यांना जाणवलं की मराठीत हे सगळं आपण जन्मभर बोलत आलो, पण कधी ऐकलं नाही. घरात कुणी गेलं की मागं राहिलेले हेच बोलत बसतात. डॉक्टरला आधी दाखवायला हवं होतं. एकदा जाऊन भेटता आलं असतं. मेल्या माणसाची भाषा नव्हे ही, मागं उरलेल्याची. आणि गंमत अशी की ती बोलताना बोलणाऱ्याला बरं वाटतं. दोष कबूल केल्याचं पुण्य मिळतं आणि करायचं मात्र काही उरलेलं नसतं. त्यांनी एकेकाला वाक्य करायला सांगितलं. भिकनचं चुकलं, त्याला "गाढवा, क्रियापदाचं तिसरं रूप कुठं गेलं, चरायला?" म्हणून झापलं. सर्जेरावचं बरोबर आलं. मोतीराम उभा राहिला. हात मागं बांधून, शाळेतल्यासारखा.

"आय कुड हॅव गो टु कॉलेज."

त्याच्या तोंडून ते वाक्य आलं आणि काकासाहेबांची नजर फळ्यावरून खाली, आपल्या खडूभरल्या बोटांवर गेली. "छान," ते म्हणाले. "छान. पुढं."

वर्ग सुटल्यावर सायकलींपाशी मोतीराम आपण होऊन आला. काकासाहेब कुलूप काढत होते आणि किल्ली बसत नव्हती.

"सर, कालचं काय मनाला लावून घेऊ नका."

"कालचं?"

"ते बुक्क्याचं. मला कळलं. बरंच केलं तुमी. म्या बौद्ध माणूस, कपाळाला काळं घेऊन घरी गेलो असतो तर पोरीनंच इचारलं असतं, बाबा हे काय. तुमी इचार करूनच सोडलं असंल."

वारा थांबावा तसं झालं. काकासाहेबांनी वर पाहिलं. मोतीरामच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. एक साधं, दिवसभराच्या कामानं ओढलेलं तोंड, नाकाच्या बाजूला तेलाचा डाग. जी गोष्ट काकासाहेबांना सकाळपासून स्वतःला पटवता आली नव्हती, ती त्यानं आयती, घडी घालून, हातात ठेवली होती.

"हो," काकासाहेब म्हणाले. "हो ना. म्हणूनच. मला वाटलं, तुम्हाला ते..."

"तेच. मला वाटलंच."

"गैरसमज नको."

"छ्या, गैरसमज कसला. येतो सर." आणि तो फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीकडं गेला, बसची वाट बघायला.

सायकल हलकी झाली. खरोखर हलकी झाली. पायडल मारावं लागेना. मागून वारा होता. काकासाहेब एका अभंगाची चाल गुणगुणायला लागले, आणि चाल समेवर यायच्या आत त्यांच्या लक्षात आलं की आपण गातो आहोत. ते सायकलवरून उतरले. रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ट्रक जात होते, कापसाच्या गाठींचे, लोखंडी सळयांचे. त्या माणसानं कपाळ पुढं केलं होतं. त्याच्या धर्मात बसत नसताना केलं होतं. मास्तरानं बोलावलं, हाताला धरून बसवलं, तर त्या एका संध्याकाळपुरतं सगळ्यांसारखं व्हावं म्हणून केलं असेल, की गोष्टीच्या नादात केलं असेल, त्याचं त्याला ठाऊक. पण केलं होतं. आणि आज त्यानंच ते खोटं पाडलं, मास्तराची लाज राखायला. आणि मास्तरानं ती राखू दिली. कालचं निदान हातानं केलं होतं, नकळत केलं म्हणायला जागा होती. आजचं तोंडानं केलं, शुद्धीवर असताना केलं. "हो ना. म्हणूनच." आपला आवाज त्यांना आपल्याच कानात ऐकू आला, गुळगुळीत, तेल लावल्यासारखा. पांडुरंगा, ते पुटपुटले, आणि पुढं काय मागावं ते सुचलं नाही. त्यांनी सायकल वळवली.

मोतीराम टपरीच्या बाकड्यावर चहाची कपबशी घेऊन बसला होता. काकासाहेब धापा टाकत पुढं उभे राहिले. बाकड्यावर जागा होती, पण बसायचं धैर्य झालं नाही.

"मोतीराम, मघाशी मी खोटं बोललो. तुमच्या धर्माचा विचार मनात आला नव्हता. तो मागून आला. तुम्ही कपाळ पुढं आणलेलं मी पाहिलं होतं. पाहिलं, आणि तरी हात पुढं गेला. तुम्हाला टाळून गेला." एवढं बोलून त्यांचे डोळे भरले. आणि त्यांना आतून, लाज वाटावी असं, थोडं मोकळंही वाटलं.

मोतीरामनं बशी खाली ठेवली.

"हे मला काहून सांगता, सर?"

"खरं ते सांगावं म्हणून..."

"खरं मला ठावं नव्हतं व्हय?" त्याचा आवाज चढला नाही, पण टपरीवाला वळून बघायला लागला. "कपाळ माझंच व्हतं ना? काल घरी जाताना सगळी वाट म्या तुमच्यासाठी एक कारण हुडकत गेलो. बायकोला बी नाय सांगितलं. चांगलं कारण सापडलं, बसण्यासारखं. रोज यायचं हाय मला तुमच्यापुढं. तुमच्या तोंडाकडं बघून शिकायचं हाय. मुलाखत हाय माझी, सर. ते कारण मला पायजे व्हतं, तुमाला नाय. तुमी आले, रडले, मोकळे झाले. आता ते म्या कुठं ठेवू?"

असं काही आपण केलं असेल हे काकासाहेबांच्या स्वप्नातही नव्हतं. ते कबुली द्यायला आले होते. कबुलीनंतर माणसं गळ्यात पडतात, इतकी वर्षं कीर्तनात तेच ऐकलं होतं. दुसऱ्याच्या घरी जाऊन आपलं ओझं उतरवून ठेवायचं आणि त्यालाच पाणी मागायचं, असं काहीतरी आपल्या हातून झालं, हे त्यांना हळूहळू, तिखट लागावं तसं, जिभेच्या मुळाशी जाणवायला लागलं.

"मग मी काय करू?" ते म्हणाले. तो प्रश्नही पुन्हा त्याच्याच डोक्यावर ठेवला, हेही कळलं, पण विचारून झालं होतं.

मोतीरामची बस आली, थांबली, गेली. तो उठला नाही.

"भिकनला गाढव म्हणता तुमी," शेवटी तो म्हणाला. "सर्जेरावला त्या दिवशी अख्ख्या वर्गापुढं उभं केलं. मला कधी चुकलं म्हणत नाय. आज बी माझं वाक्य चुकलं व्हतं. भिकननं मागून सांगितलं, गो नाय, गॉन. तुमी म्हणाले छान. मला वाटायचं, वयाचा मान ठेवता. तेच छान घेऊन म्या साहेबापुढं बसणार व्हतो, आन साहेब हसला असता."

पहिल्या दिवसापासूनची सगळी "छान" काकासाहेबांच्या कानात एकामागून एक पडायला लागली. त्या प्रत्येकाच्या वेळी ते त्याच्या वहीपाशी गेले नव्हते, खडू घेऊन त्याच्या बाकाशी वाकले नव्हते. प्रेमानं म्हटलं होतं, दर वेळी. बुक्का एकदाच राहिला होता.

"उद्या मला आधी उभं करा," मोतीराम म्हणाला. "सोपं नको. चुकलो तर चुकलो म्हणा. तुमचं ते रडणं-बिडणं कीर्तनात ठेवा. इथं मला शिकवा." त्यानं चहाचे पैसे टपरीवर ठेवले. काकासाहेबांनी खिशात हात घातला होता; तो तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी हजेरीही घेतली नाही. "मोतीराम," ते म्हणाले, आणि आवाज फाटला. भिकननं मान वर केली. "इकडं या. फळ्यापाशी. कामगारांनी साहेबांना ही गोष्ट आधी सांगायला हवी होती. इंग्रजीत लिहा."

मोतीराम आला. खडू घेतला. त्याचं कोपर काकासाहेबांच्या कोपराला लागलं आणि काकासाहेब हलले नाहीत; हलू नये यासाठी त्यांना सगळं अंग घट्ट धरावं लागलं, आणि धरावं लागलं हेच त्यांना खाली मान घालायला लावणारं होतं. फळ्यावर अक्षरं उमटली, लेथवरच्या माणसाची, ठाम, दाबून काढलेली. वाक्य अर्ध्यातच वाकडं गेलं. ते वाकडं जाताना काकासाहेबांच्या तोंडात तो शब्द आला, गोड, मऊ, इतक्या वर्षांच्या सवयीचा. अख्खा वर्ग त्यांच्याकडं बघत होता. मोतीराम बघत नव्हता, तो फळ्याकडं तोंड करून थांबला होता.

"चूक," काकासाहेब म्हणाले.

कँटीनमध्ये मागं कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. मोतीरामच्या मानेवरची शीर एकदा हलली. त्यानं बाहीनं ते वाक्य पुसलं, पांढऱ्या धुळीनं मनगटापर्यंत माखला, आणि पुन्हा लिहायला लागला. काकासाहेब त्याच्या खांद्याशी उभे राहून एकेक अक्षर बघत होते, घामानं भिजले होते. या वेळी तो जास्त लांबपर्यंत गेला.

"इथपर्यंत बरोबर," ते म्हणाले. "आता पुन्हा चूक."

"कुठं?" मोतीराम म्हणाला. "दाखवा."

आणि काकासाहेब दाखवायला आणखी जवळ सरकले.